पान पिवळे पडले म्हणून लगेच युरिया नको: गोव्यातील अळसांदे, वाली आणि घेवड्याची भूक कशी ओळखावी, कशी भागवावी

भातकापणी आटोपून कुणग्यातली (भातखाचरातली) जमीन वाफशावर आली की गोव्यात अळसांदे, म्हणजे इथली चवळी, पेरले जातात. तीनेक आठवड्यांत रोपे फिकी दिसू लागतात आणि दरवर्षीचा प्रश्न कानावर येतो: पाने पिवळी पडली, काय घालू? उत्तरही ठरलेले असते, युरिया. मूठभर युरियाने आठवडाभरात शेत हिरवेगार होते, वेल पसरतो, पण फुले लांबतात आणि काढणीला शेंगा मोजक्याच मिळतात. त्या रोपाला युरियातल्या नत्राची (नायट्रोजनची) गरज नव्हतीच, किंवा होती तर ती दुसऱ्या वाटेने भागवायची होती.

गोव्यातल्या शेंगवर्गीय पिकांची बहुतेक उपासमार मातीच्या आम्लपणातून येते, आणि आधी तो आम्लपणा काबूत आणल्याशिवाय वरून घातलेल्या खताचा मोठा भाग वाया जातो. हे एकदा ध्यानात घेतले की पानावरचे डाग, कुरळलेला शेंडा, गळणारी फुले यांचा अर्थ लागू लागतो. पुढची रीत मुख्यतः अळसांद्यासाठी लिहिली आहे, पण परसातल्या वाली, वालपापडी आणि फरसबीलाही (श्रावण घेवड्यालाही) ती थोड्या फरकाने लागू पडते. फरक जिथे महत्त्वाचा आहे तिथे सांगतो.

इथल्या मातीचा स्वभाव

गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एवढे पाणी मातीतून झिरपताना कॅल्शियम, मॅग्नेशियम, पालाश (पोटॅशियम), गंधक आणि बोरॉन धुऊन नेते. मागे राहतात लोह आणि ॲल्युमिनियम. जांभ्याचा तांबडा रंग त्या लोहाचाच. म्हणून इथल्या मोरड, म्हणजे उंचावरच्या, जमिनींचा सामू (पीएच; ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल) बऱ्याच ठिकाणी ५ ते ६ च्या दरम्यान भरतो. शेंगवर्गीय पिकांना ६ ते ७ मानवतो.

सामू ५.५ च्या खाली गेला की तीन गोष्टी एकदम घडतात. ॲल्युमिनियम विरघळून मुळांची टोके खुरटवते, त्यामुळे मूळ आखूड आणि जाड राहते. स्फुरद (फॉस्फरस) लोह-ॲल्युमिनियमला चिकटून बसतो. आणि मुळांवर गाठी करून हवेतले नत्र पकडणारे रायझोबियम जिवाणू मंदावतात. म्हणजे कोठार भरलेले, पण दाराला कुलूप.

भातशेतात याला आणखी एक पदर आहे, आणि तो समजून घेण्यासारखा आहे. शेतात पाणी साचलेले असते तेव्हा आम्ल मातीचा सामू आपोआप वर चढतो, उदासीनतेच्या जवळ जातो, आणि अडकलेला स्फुरदही काही प्रमाणात सुटतो. म्हणून सरदचे, म्हणजे पावसाळी, भात त्या मातीत बरे येते. कापणीनंतर पाणी ओसरून जमीन वाळली की सामू पुन्हा खाली येतो आणि स्फुरद पुन्हा अडकतो. ‘भाताला काही कमी पडले नाही, मग अळसांद्यालाच का?’ याचे उत्तर इथे आहे. माती तीच असली तरी पाणी ओसरताच तिचे वागणे बदललेले असते.

पहिली पायरी: पिवळेपणा कुठून सुरू झाला ते पाहा

शेताच्या मेरेवर (बांधावर) उभे राहून निदान होत नाही. आत जा, मधल्या भागातली आठ-दहा रोपे निवडा आणि प्रत्येकाची खालची पाने व शेंडा वेगवेगळे पाहा. सकाळच्या उन्हात पाहिलेले बरे, कारण दुपारी कोमेजलेले पान फसवते.

नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्ये झाडात फिरू शकतात. तुटवडा आला की झाड जुन्या पानांतून ती काढून नव्या पानांना देते, म्हणून खूण आधी खालच्या पानांवर दिसते. कॅल्शियम, बोरॉन, लोह, मंगल (मँगनीज), जस्त आणि बरेचसे गंधक एकदा जिथे गेले तिथेच राहतात. त्यांची कमतरता शेंड्यावर, कोवळ्या पानांवर दिसते. हा एक भेद नीट जमला तरी अर्धे काम झाले.

पेरणीनंतरचे दिवस मोजायला विसरू नका. अळसांद्याचे रोप पहिले काही दिवस बियांच्या दलांवर जगते. ती शिदोरी संपते आणि मुळांवरच्या गाठी कामाला लागायला दोन ते तीन आठवडे जातात. या मधल्या काळात रोप थोडे फिकट दिसणे साहजिक आहे. पेरताना थोडे नत्र दिलेले असेल तर हा काळ आपोआप निघून जातो. युरियाची सर्वाधिक उधळपट्टी याच दिवसांत होते, आणि गाठी धरण्याचे दिवसही नेमके हेच. मातीत आयते नत्र मिळाले की झाड गाठी करण्याचे कष्ट घेत नाही.

दुसरी पायरी: मूळ पाहा

ही पायरी कुणी करत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त माहिती हीच देते. फुलावर येण्याच्या सुमारास तीन-चार रोपे खुरप्याने किंवा फावड्याने मातीच्या गोळ्यासकट काढा. ओढून उपटू नका, गाठी मातीतच तुटून राहतात. गोळा बादलीत भिजवा आणि हलक्या हाताने माती सोडवा.

मुख्य मुळाजवळ जोंधळ्याएवढ्या किंवा त्याहून थोड्या मोठ्या गाठी हव्यात. नखाने एक गाठ फोडा. आतला रंग गुलाबी किंवा लालसर असेल तर ती काम करते आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर ती हवेतले नत्र झाडाला देत नाही. गाठी भरपूर आणि गुलाबी असूनही पान पिवळे असेल तर नत्राचा विचार सोडा आणि दुसरे कारण शोधा. गाठी आहेत पण पांढऱ्या, तर स्फुरद किंवा मोलिब्डेनम कमी असण्याची, जमीन फार आम्ल असण्याची किंवा पाणी साचल्याची शक्यता असते. गाठीच नाहीत तर जिवाणू पोचले नाहीत, किंवा नत्र आधीच जास्त झाले.

सूत्रकृमीच्या (मुळांत शिरणाऱ्या सूक्ष्म कृमींच्या) गाठी आणि या गाठी यांत गल्लत होते. रायझोबियमची गाठ मुळाच्या कडेला चिकटलेली असते, बोटाने सहज निखळते. सूत्रकृमीमुळे मूळच जागोजागी सुजते, ती सूज निघत नाही. अशा शेतात कितीही खत घाला, पीक उठत नाही.

मुळे आखूड, जाड, तपकिरी टोकांची आणि बारीक तंतूंशिवाय असतील तर ॲल्युमिनियमचा संशय घ्या. ही चुन्याचीच हाक आहे.

तिसरी पायरी: कोणती भूक, कोणती खूण

नत्र कमी पडले की खालची पाने सगळीकडून सारखी फिकट होतात, शिराही पिवळ्या पडतात, रोप बारीक राहते. अळसांद्यात हे दिसले की आधी मूळ पाहा, मगच नत्राचा विचार करा. फरसबी मात्र वेगळी आहे. तिच्या गाठी कमी नत्र पकडतात, त्यामुळे तिला बाहेरून थोडे जास्त नत्र द्यावेच लागते.

स्फुरदाची कमतरता गोव्यात सगळ्यात जास्त त्रास देते आणि सगळ्यात कमी ओळखली जाते, कारण पान पिवळे पडत नाही. उलट ते गडद, निळसर हिरवे आणि निस्तेज दिसते. रोप लहान राहते, फांद्या कमी फुटतात, फुले उशिरा येतात, खालची पाने लवकर गळतात. शेजारच्या शेतात फुले दिसू लागली आणि आपल्या शेतात नुसती बुटकी हिरवी रोपे, तर बियाण्याला दोष देण्याआधी स्फुरद तपासा. गाठींना ऊर्जा लागते आणि ती स्फुरदाशिवाय मिळत नाही, म्हणून स्फुरदाची उणीव मागाहून नत्राची उणीवही घेऊन येते. युरियाने तात्पुरता हिरवा रंग येतो तो अशा वेळी, आणि खरे दुखणे झाकले जाते.

पालाश कमी असला की जुन्या पानांच्या कडा आधी पिवळ्या, मग करपल्यासारख्या तपकिरी होतात. पानाचा मधला भाग हिरवाच राहतो. खोड कमकुवत होते, शेंगेतले दाणे सुरकुततात. रेताड जमिनीत आणि पावसाने खूप धुतलेल्या उतारावर हे जास्त दिसते.

मॅग्नेशियमची खूण देखणी असते, म्हणून लक्षात राहते. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या, शिरांमधली जागा पिवळी, कधी मागाहून तांबूस. पालाश जास्त झाला की मॅग्नेशियम आणखी कमी शोषले जाते. वर्षानुवर्षे फक्त म्युरेट ऑफ पोटॅश हे पालाशचे खत वापरणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

शेंड्याकडे वळू. कोवळी पाने सगळी एकसारखी फिकट पिवळी आणि जुनी पाने हिरवी, तर गंधक. स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट सोडून फक्त डीएपी (नत्र-स्फुरदाचे खत) वापरण्याची सवय लागली की ही तक्रार वाढते, कारण सुपर फॉस्फेटमध्ये गंधक आणि कॅल्शियम दोन्ही असतात, डीएपीत ती नसतात.

कॅल्शियम कमी असला की शेंड्याची पाने वेडीवाकडी, वाटीसारखी होतात, देठ लुळे पडतात, शेवटी शेंडा मरतो. बोरॉन कमी असतानाही शेंडा मरतो, पण तिथे पाने जाड आणि ठिसूळ होतात, खालून आखूड फांद्यांचा झुबका फुटतो, फुले गळतात आणि शेंगेत मधले दाणे भरतच नाहीत. वालीच्या मांडवावर भरपूर फुले येऊन शेंगा धरत नसतील तर बोरॉनकडे लक्ष द्या. मात्र फार सांभाळून: घेवडा आणि चवळीच्या कुळाला बोरॉन थोडे जास्त झाले तरी बाधते, पानांच्या कडा जळतात. कमतरता आणि विषबाधा यांतले अंतर इतके कमी असणारे दुसरे अन्नद्रव्य या यादीत नाही.

जस्ताच्या कमतरतेत नवी पाने लहान राहतात, शिरांमध्ये पिवळी पडतात, दोन पेऱ्यांतले अंतर आखडते. फरसबी याबाबत विशेष नाजूक. स्फुरदाचा अतिरेक झाला की जस्त आणखी दबते, म्हणून सुपर फॉस्फेटचा हात सैल सोडण्यातही अर्थ नाही.

मोलिब्डेनम फार थोडे लागते, पण नत्र पकडणारे विकर (एन्झाइम) त्याच्याशिवाय चालत नाही. त्याची कमतरता दिसायला हुबेहूब नत्रासारखी असते. आम्ल जमिनीत ते स्फुरदासारखेच अडकते आणि चुना घातल्यावर सुटते. गोव्यात ‘नत्र कमी’ म्हणून ज्याचे निदान होते त्यातले काही मोलिब्डेनमचे असते, असे मला वाटते.

लोहाची कमतरता तांबड्या मातीत सहसा येत नाही. कोवळे पान पिवळे-पांढरे आणि त्यावर हिरव्या शिरांची जाळी दिसली तर जागा पाहा. कोलवा-बाणावलीच्या किंवा कांदोळीच्या पट्ट्यातली शिंपल्यांची वाळू, किंवा राख आणि चुना हात सोडून घातलेला वाफा, अशाच ठिकाणी ती येते. तांब्याची उणीव इतकी क्वचित की इथे थांबायला नको.

मंगलाची गोष्ट उलटी आहे. आम्ल मातीत मंगल जास्त होते आणि ते बाधते. जुन्या पानांवर बारीक तपकिरी-जांभळट ठिपके, नवी पाने सुरकुतलेली. डिचोली, सांगे भागात खाणीची माती वाहून आलेल्या शेतांत हे नीट तपासावे. तिथे बारीक गाळाचा थर बसून जमीन कडक होते, मुळे वरच राहतात आणि एकाच वेळी मंगलाचा अतिरेक व स्फुरदाची उणीव दिसू शकते. ठिपके पाहून बुरशीनाशक मारले जाते, त्याने काही फरक पडत नाही. चुना आणि शेणखत यांनी पडतो.

भूक नसून दुसरेच काही असेल तर

कमतरता शेतात बऱ्यापैकी सारखी पसरते आणि पानाच्या दोन्ही अर्ध्या भागांत सारखी दिसते. रोग आणि कीड ठिकठिकाणी, विस्कळीत दिसतात. पिवळ्या-हिरव्या चकत्या विखुरलेल्या, पान गोळा झालेले आणि एक रोप ग्रासलेले तर शेजारचे ठणठणीत, हा विषाणूजन्य मोझॅक. पान उलटून मावा, पांढरी माशी आणि कोळी पाहा. दिवाडी-चोडणसारख्या खाजन भागात (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल जमिनींत) उन्हाळा जवळ आला की मातीतले मीठ वर चढते आणि पानांच्या कडा जळतात. ते हुबेहूब पालाशच्या कमतरतेसारखे दिसते, आणि अशा वेळी म्युरेट ऑफ पोटॅश घातले तर क्लोराइडची भर पडून पीक आणखी खचते. फरसबीचे उत्पन्न मातीची क्षारता १ डेसिसायमन प्रति मीटरच्या वर गेली की घटू लागते, चवळीवर्गीय पीक जवळजवळ ५ पर्यंत तग धरते. खाजनात फरसबीचा हट्ट धरू नये तो यासाठी.

चौथी पायरी: माती तपासा, पण अहवालात काय नसते तेही जाणा

नमुना घेण्याची वेळ भातकापणीनंतर, जमीन वाळू लागल्यावर. पाणी असताना घेतलेला नमुना सामूबद्दल फसवेल, कारण वर सांगितले आहेच. शेतात नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी वरचा पाला बाजूला करून १५ सेंटिमीटर खोल, इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा घ्या आणि त्याच्या एका भिंतीची वरपासून खालपर्यंत पातळ काप काढा. मेर, माडाचे आळे, शेणाचा ढीग, जिथे पाणी साचते तो कोपरा, या जागा टाळा. सगळी माती घमेल्यात मिसळा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन टाका, असे करत अर्धा किलो उरवा. सावलीत वाळवा. लोखंडी गंजके खुरपे वापरू नका, लोहाचा आकडा बिघडतो. मोरड आणि सखल कुणगा यांचे नमुने वेगळे ठेवा. तालुक्याच्या विभागीय कृषी कार्यालयात नमुन्याची चौकशी करा. जुने गोवे आणि मडगाव येथील कृषी विज्ञान केंद्रांतही अहवालाचा अर्थ लावायला मदत मिळते.

मृदा आरोग्य पत्रिका योजना २०१५ साली सुरू झाली. तिच्यात १२ गोष्टी दिलेल्या असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन. यादी पुन्हा वाचा. कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि मोलिब्डेनम तिच्यात नाहीत, आणि आपल्या आम्ल मातीत कमी पडण्याची शक्यता नेमकी या तिघांची जास्त. म्हणून पत्रिकेवर सगळे ‘पुरेसे’ असूनही पीक पिवळे राहिले तर पत्रिकेला दोष देऊ नका, सामूच्या रकान्याकडे परत जा. तो ५.५ च्या खाली असेल तर या तिन्ही गोष्टी कमी आहेत असे धरून चाला.

बाकी आकड्यांत जस्त ०.६ आणि बोरॉन ०.५ पीपीएमच्या (दहा लाख भागांत एक भाग या मापाने) खाली असेल तर कमी समजतात. गोव्यात सेंद्रिय कर्ब बऱ्याचदा मध्यम ते चांगला भरतो. त्यावर खूश होऊन शेणखत थांबवू नका, स्फुरद मोकळा ठेवायला ते मदत करते.

घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर एक भाग माती, अडीच भाग बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी, अर्धा तास ढवळत ठेवून सामूचा कागद बुडवा. आकडा ढोबळ मिळेल, पण ५ आणि ७ यांतला फरक नक्की कळेल.

पाचवी पायरी: चुना

सगळी मेहनत इथे फळते. चुनखडीची भुकटी किंवा डोलोमाइट, दोन्ही चालतात. मी डोलोमाइट सुचवतो, कारण त्यात कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही मिळते आणि गोव्यात दोन्ही धुऊन गेलेली असतात. शिंपल्यांचा भाजलेला चुना तेज असतो, वजनाला कमी लागतो आणि चुकून जास्त झाला तर लवकर बाधतो. तो वापरायचा असेल तर चुनखडीच्या तीन चतुर्थांशापेक्षा कमीच घ्या.

मात्रा प्रयोगशाळा सांगेल तीच. अहवाल हाती येईपर्यंतचा सावध अंदाज म्हणून, सामू ५ ते ५.५ असलेल्या जमिनीत १०० चौरस मीटरला १० ते २० किलो चुनखडी किंवा डोलोमाइट पुरे. रेताड मातीत खालचा आकडा, चिकण मातीत वरचा. किनाऱ्याच्या शिंपल्यांच्या वाळूत मुळीच नको.

चुना वरवर भुरभुरून उपयोग होत नाही. तो एका जागी बसून राहतो. नांगरट किंवा कुदळीने १५ सेंटिमीटरपर्यंत मिसळायला हवा आणि जमिनीत ओल हवी. पेरणीआधी तीन-चार आठवडे मिळाले तर उत्तम. भातानंतरच्या अळसांद्याला एवढी उसंत मिळत नाही, ओल निघून जाते. अशा वेळी कापणीच्या दुसऱ्या दिवसापासून हालचाल करा, दोन आठवडे मिळाले तरी घ्या, आणि मात्रा दोन हंगामांत विभागा. चुना आणि युरिया किंवा डीएपी एकत्र कधीच टाकू नका, नत्र अमोनिया होऊन उडते. चुना आणि सुपर फॉस्फेट यांतही काही दिवसांचे अंतर ठेवा.

सहावी पायरी: पेरणीच्या वेळी

चांगले कुजलेले शेणखत १०० चौरस मीटरला ५० ते १०० किलो. त्यावर, अहवालात वेगळे काही नसेल तर, अळसांद्याला हेक्टरी साधारण २० किलो नत्र, ५० किलो स्फुरद आणि २० किलो पालाश पुरतो. आपल्या मापात १०० चौरस मीटरला ४३५ ग्रॅम युरिया, ३ किलोच्या थोडे वर सिंगल सुपर फॉस्फेट आणि ३३५ ग्रॅम म्युरेट ऑफ पोटॅश. एवढा युरिया एकदाच, पेरताना. पुन्हा नाही.

स्फुरदाचे खत शेतभर विखरून देऊ नका. आम्ल मातीत तो जितक्या कणांना स्पर्श करेल तितका अडकेल. ओळीत, बियांच्या खाली आणि बाजूला चार-पाच सेंटिमीटरवर पट्ट्याने द्या, मध्ये मातीचा थर ठेवा. शेणखतात मिसळून दिला तर आणखी चांगले. रॉक फॉस्फेट आम्ल जमिनीतच विरघळते, म्हणून सेंद्रिय शेती करणाऱ्यांना ते इथे चालते, पण हळूहळू आणि आधीच्या हंगामात घातले तर. नुकताच चुना घातलेल्या जमिनीत त्याची अपेक्षा ठेवू नका.

बियाण्याला रायझोबियम लावणे फार स्वस्त आणि फार दुर्लक्षित काम आहे. २५० ग्रॅमचे पाकीट १० किलो बियाण्याला, म्हणजे किलोला २५ ग्रॅम. गुळाचे थंड पाणी शिंपडून बियाणे ओलसर करा, जिवाणू हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा, त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावायचे असेल तर ते आधी, जिवाणू सर्वात शेवटी. पाकिटावर पीक आणि मुदत वाचा: चवळी गटाचे जिवाणू अळसांद्याला आणि वालीला चालतात, फरसबीला वेगळे लागतात. आम्ल जमिनीत पेरताना जिवाणू लावलेल्या बियांना बारीक चुनखडीच्या भुकटीचा हलका लेप द्यावा. भाजलेला किंवा विझवलेला चुना यासाठी वापरू नये, त्याने जिवाणू मरतात. स्फुरद विरघळवणारे जिवाणूही याच वेळी लावता येतात. मोलिब्डेनमचे क्षार मात्र कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्याशिवाय लावू नका. चारा म्हणून वेल गुरांना जातो आणि मोलिब्डेनम जास्त झाले तर गुरांना बाधते.

सातवी पायरी: उभ्या पिकात खूण दिसली तर

चुना आता कामाचा नाही. फवारणीने वेळ मारून नेता येते, आणि मुख्य म्हणजे निदान खरे की खोटे हे कळते. त्यासाठी आधी सगळ्या शेतावर फवारू नका. चार ओळी निवडा. एकीवर मॅग्नेशियम सल्फेट, एकीवर जस्त, एकीवर २ टक्के डीएपी, चौथी कोरी. खुणेची काठी पुरा. आठ-दहा दिवसांनी नवी पाने पाहा. ज्या ओळीत फरक दिसेल तेच बाकी शेताला द्या. प्रयोगशाळेचा अहवाल यायच्या आत एवढे खात्रीचे उत्तर दुसरे कोणी देत नाही.

एक लिटर पाण्यामागे मॅग्नेशियम सल्फेट १० ग्रॅम. जस्तासाठी झिंक सल्फेट ५ ग्रॅम आणि विझवलेला चुना अडीच ग्रॅम, चुन्याची निवळी गाळून. लोहासाठी फेरस सल्फेट ५ ग्रॅम आणि लिंबूसत्व १ ग्रॅम, ताजे करून लगेच. बोरॉनसाठी टाकणखार (बोरॅक्स) १ ग्रॅम, कळ्या दिसू लागताच एकदाच. दहा-बारा दिवसांत फुलगळ थांबली नाही तरच दुसऱ्यांदा, आणि मात्रा वाढवायची नाही. स्फुरदाला आधार म्हणून डीएपी २० ग्रॅम रात्रभर भिजवून, गाळून, फुलोऱ्यात एकदा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा. पालाशसाठी सल्फेट ऑफ पोटॅशचे विद्राव्य खत ५ ते १० ग्रॅम. खाजनात जमिनीतून द्यायचा पालाशही याच रूपात द्यावा.

फवारणी चारनंतर, वारा पडल्यावर, पानांच्या खालच्या बाजूनेही. कोरड्या जमिनीवर तहानलेल्या पिकावर फवारू नका, आधी पाणी द्या. वेगवेगळ्या क्षारांची एकत्र खिचडी करू नका: डीएपी आणि जस्त एका टाकीत गेले की साका बसतो, नळी तुंबते आणि दोन्ही वाया जातात.

जुनी पिवळी पाने पुन्हा हिरवी होतीलच असे नाही. सुधारणा मोजायची ती नव्या पानांवरून.

परसातली वाली, कुंडीतला घेवडा

चुलीची राख पालाश आणि कॅल्शियम देते आणि आम्लपणा कमी करते. आपल्या आयांनी वालीच्या मुळाशी राख घातली ती उगाच नाही. पण चौरस मीटरला दोन मुठींपेक्षा जास्त नको, आणि राख पडली त्या आठवड्यात युरिया नाही. दरवर्षी तिथेच राख पडत असेल तर एकदा सामू बघा. लोह आणि जस्त दबून कोवळी पाने पांढरट झालेली अनेक परसांत दिसतात.

कोकोपीटच्या कुंडीत माती जवळजवळ नसते, त्यामुळे साठाही नसतो. दर पाण्याबरोबर पालाश आणि नत्र खालून निघून जाते. तिथे एक तृतीयांश तरी खरी माती आणि तेवढेच गांडूळखत मिसळा. किनाऱ्याजवळच्या विहिरीचे पाणी मार्चनंतर मचूळ होते. कुंडीतल्या पानांच्या कडा जळू लागल्या तर खत थांबवून गोड्या पाण्याने कुंडी दोनदा भरपूर धुवा.

काढणीनंतर

वेल उपटू नका, जमिनीलगत कापा. गाठींसकट मुळे कुजली की पुढच्या सरदच्या भाताला नत्र मिळते. वेल गुरांना गेला तर त्यातला पालाशही जातो, तो शेणखताने परत आणावा लागतो. ज्या ओळींत खुणा दिसल्या होत्या त्यांची नोंद कुणग्याच्या नावानिशी वहीत ठेवा, पानाचा फोटो काढून तारीख टाका. चुना घातलेल्या जमिनीचा सामू दोन-तीन वर्षांनी पुन्हा तपासा, कारण इथला पाऊस तोही हळूहळू धुऊन नेतो. नमुना मात्र दर वेळी त्याच महिन्यात घ्या, नाहीतर दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहता येणार नाहीत.